सुईने लिहिलेले दप्तर

छापील नमुन्यांची पुस्तके दुर्मिळ होती आणि जी होती ती सामान्य गृहिणीच्या आवाक्यात नव्हती, त्या काळी युरोपातील कशिदा काढणारी स्त्री एखादी नवी वेलबुट्टी किंवा अनोळखी टाका दृष्टीस पडला की लिननच्या पट्टीवर तो उतरवून घेई आणि ती पट्टी गुंडाळून शिवणाच्या पेटीत ठेवून देई. इंग्लंडात ‘सँप्लर’ म्हणून ओळखल्या गेलेल्या नमुनापटाचा उगम असा व्यवहारातला आहे. सातव्या हेन्रीची राणी एलिझाबेथ हिच्या १५०२ सालच्या जमाखर्चात नमुनापटासाठी खरेदी केलेल्या लिननची नोंद आहे. म्हणजे राजवाड्यातही हा जिन्नस लागत होता. तेव्हा ते जाणत्या हातांचे टिपण होते. ते बालिकांच्या हाती गेल्यावर त्याचे काय झाले, हा पुढच्या तीन शतकांचा वृत्तांत आहे.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात १५९८ सालचा एक पट आहे. सनाची नोंद असलेल्या ज्ञात ब्रिटिश नमुनापटांत तो सर्वांत जुना. रेशमाबरोबर जरतार आणि मोती वापरून तो भरणाऱ्या जेन बोस्टॉकने, ॲलिस ली नावाची मुलगी २३ नोव्हेंबर १५९६ रोजी, मंगळवारी, दुपारनंतर जन्मली, ही हकीकत एखाद्या दक्ष कारकुनाने दाखल करावी तितक्या तपशिलाने टाक्यांत नोंदवून ठेवली. अटलांटिकपलीकडील नमुनापटांत सर्वांत जुना मानला जातो तो लोरा स्टँडिशचा, सतराव्या शतकाच्या मध्याचा, आणि तो मॅसॅच्युसेट्समधील प्लिमथ येथे आहे. ती वसाहतीचा सेनानायक मायल्स स्टँडिश याची कन्या, अल्पायुषी ठरली. आपले दफन लोराच्या सान्निध्यात व्हावे अशी इच्छा बापाने मृत्युपत्रात नमूद केली. या शतकातले पट वीतभर रुंद आणि दोन हात लांब, नक्षीच्या आडव्या ओळींनी खालपर्यंत भरलेले असतात. रेशमी कामाची नजाकत पाहायची असेल, तर माझ्या मते पुढच्या शतकांतल्या चित्रमय पटांकडे न वळता इथेच थांबावे.

अठराव्या शतकात पट चौकोनी झाला, त्याला काठ आला, आणि पेटीत जपायचे ते भिंतीवर टांगायचे झाले. मुलगी सुशील, उद्योगी आणि धर्मपरायण असल्याचा तो एक प्रकारचा दाखलाच होता. आठ-दहा वर्षांच्या मुलींकडून मृत्यू, नश्वरता आणि आज्ञाधारकपणा यांवरची पद्ये भरून घेतली जात. आयझॅक वॉट्स या धर्मोपदेशकाने मुलांसाठी १७१५ साली प्रसिद्ध केलेली धार्मिक गीते या कामी विशेष उपयोगी पडली. क्वेकर पंथीयांनी १७७९ साली यॉर्कशरमध्ये स्थापन केलेल्या ॲकवर्थ शाळेतल्या मुली मात्र भूमितीय पदके साध्या रंगांत भरीत. आणि त्याच पंथाच्या पेन्सिल्व्हेनियातील वेस्टटाउन शाळेत मुलींनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रेशमी कापडाचे पृथ्वीगोल शिवून त्यांवर अक्षांश-रेखांश धाग्याने आखले. भूगोल शिकवण्याची याहून सुंदर रीत मला तरी आढळलेली नाही.

श्रीमंतांच्या मुलींचे हे कौतुक चालू असता गरिबांच्या मुलींना नमुनापट शिकवला जाई तो निराळ्या सबबीवर. मोठ्या घरांतून चादरी, उशांचे अभ्रे, टेबलावरची वस्त्रे यांवर फुलीच्या टाक्यांनी आद्याक्षरे आणि क्रमांक घालण्याची चाल होती, कारण त्यावाचून धुलाईतून परतलेल्या कपड्यांचा हिशेब लागत नसे. आणि ज्या मुलीला ही खूण नीट घालता येई तिला मोलकरीण म्हणून बरी जागा मिळे. ब्रिस्टलजवळ ॲशली डाउन येथे १८४९ पासून चाललेल्या जॉर्ज म्युलर यांच्या अनाथालयातील मुलींचे पट या कारणाने निव्वळ लाल धाग्याचे, लहान-मोठ्या वळणांची मुळाक्षरे आणि आकडे यांनी खच्चून भरलेले आहेत. दृष्टी थकेल इतके ते बारीक आहेत, आणि त्यांत एकही अक्षर वाकडे सापडणे कठीण.

याच लाल धाग्याने ससेक्समधल्या एलिझाबेथ पार्करने १८३० च्या सुमारास जे केले त्याला तोड नाही. १८१३ साली ॲशबर्नहॅम येथे मजुराच्या घरी जन्मलेल्या या मुलीने, आपल्याला लिहिता येत नाही असे प्रारंभीच सांगून, शेहेचाळीस ओळींत आपली कर्मकहाणी टाक्याटाक्याने भरली: मोलकरणीच्या नोकरीतला छळ, मालकाच्या दुष्ट हेतूला दाद न दिल्याबद्दल जिन्यावरून दिलेला धक्का, आत्मघाताचा विचार आणि त्या विचाराच्या पापाचे भय. काठ नाही, फूल नाही, मुळाक्षरे नाहीत. आज्ञाधारकपणा अंगी बाणावा म्हणून जे साधन तिच्या हाती दिले गेले, त्याच साधनाने तिने फिर्याद मांडली. आणि आत्म्याचे पुढे काय होणार या प्रश्नावर, वाक्याच्या अधेमध्येच, मजकूर थांबला. ती मात्र थांबली नाही. पुढे ती ॲशबर्नहॅम येथेच शिक्षिका झाली आणि १८८९ साली वारली.

इंग्लंडात १८६२ च्या नव्या शैक्षणिक नियमावलीने सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळांतील मुलींना साधे शिवणकाम सक्तीचे केले, तेव्हा नमुनापटातली उरलीसुरली हौस संपून काजे, रफू आणि ठिगळे राहिली. आपल्याकडे मिशनरी स्त्रियांच्या शाळांत वाचन-लेखनाबरोबर शिवण असे, आणि या पाश्चात्त्य परंपरेचे दूरचे गोत पुढे मराठी घरांच्या दर्शनी भिंतीवर दुसुतीच्या कापडावर भरलेल्या ‘सुस्वागतम्’च्या तसबिरींत उतरले, मात्र त्यांच्या कोपऱ्यात भरणारीचे नाव आणि सन क्वचितच आढळतो, ही चुटपुट लागून राहते.

मार्कस ह्यूश यांचा या विषयावरचा ग्रंथ १९०० साली प्रसिद्ध झाला आणि संग्राहकांची दृष्टी इकडे वळली. केंब्रिजचे गणिती जे. डब्ल्यू. एल. ग्लेशर यांनी जमवलेला संग्रह तेथील फिट्झविल्यम संग्रहालयाला मिळाला. धागे मोजून घातलेल्या टाक्यांचे आकर्षण गणित्याला वाटावे यात नवल नाही. संग्राहकांना एक अडचण मात्र वारंवार भेडसावते. बालपणी मोठ्या अभिमानाने नाव, वय आणि सन भरणाऱ्या काही मुलींनी प्रौढपणी भिंतीवरचा तो पट आपले वय पाहुण्यांस सांगतो म्हणून सनाचे शेवटचे अंक गुपचूप उसवून टाकले. तरी सुईची भोके लिननमध्ये पुष्कळदा शिल्लक राहतात, आणि भिंग लावून पाहणाऱ्याला त्यांवरून कधी कधी तो सन वाचता येतो.