आधी छप्पर, मग पंखा

श्रोतेहो, कवीने घरदुरुस्तीवर बोलावं, हे ऐकून आमच्या आर्वीतले मित्र हसतील. ज्याला बाथरूमचा नळ बदलता येत नाही, तो आता विजेची बचत शिकवणार! पण मी मिस्त्री म्हणून बोलत नाही. ज्याने आधी चूक केली आणि मग ती थोड्या पैशात निस्तरली, असा एक गृहस्थ म्हणून बोलतो आहे.

आमचं घर अब्बांनी बांधलेलं. अब्बा शिवणकाम करायचे. दीड फूट जाडीच्या मातीच्या भिंती, सागाचे वासे, वर कवेलू, पुढे सपरी आणि मागे कडूनिंब. अब्बा गेल्यानंतर, २००६ साली, मी पुढचा अर्धा भाग पाडला आणि रस्त्याच्या बाजूने, म्हणजे पश्चिमेला, स्लॅबच्या दोन खोल्या काढल्या. त्या दिवशी मला केवढा अभिमान वाटला होता! पैसे संपले म्हणून मागची एक खोली तेवढी मातीची राहिली. तिच्यात मोडकं सामान आणि पऱ्हाट्या भरून ठेवल्या. वानरांनी कवेलू फोडले, पावसात ती गळू लागली. कधीतरी तीही पाडून स्लॅब टाकायचा, असा माझा बेत होता.

२०१९ साली रमजान ऐन मे महिन्यात आला. आपल्याकडचा मे म्हणजे काय, हे मी वैदर्भीयांना सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या वर. अम्मींचं वय ऐंशीच्या घरात, तरी रोजा सोडायला तयार नव्हत्या. स्लॅबच्या खोलीत पंखा फिरत होता, पण वरून गरम हवाच ढकलत होता. एका संध्याकाळी त्या चक्कर येऊन पडल्या. आम्ही त्यांना सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात नेलं. शरीरातलं पाणी कमी झालं होतं. तीन दिवसांनी बऱ्या झाल्या. शुद्धीवर आल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, "बेटा, घर जाके मुझे पीछेवाले कमरे में सुलाना."

नागपूरहून मुलगा धावत आला होता. तो म्हणाला, "अब्बा, दादींसाठी एसी लावू." एसी, वेगळी वायरिंग आणि खोलीला पीओपीचं खोटं छत, असा साठेक हजारांचा हिशेब झाला. मीही होकार दिला.

त्या तीन दिवसांत दुपारी मी रुग्णालयातून चालत आश्रमात जाऊन बसायचो. बापूकुटी शाळेपासून पाहत आलो होतो. मात्र आदराने पाहिलेली वस्तू आपण नीट पाहत नाही. या वेळी मी तिच्याकडे उन्हातून सावलीत आलेला माणूस म्हणून पाहिलं. पंखा नाही, कूलर नाही, आणि बाहेर आग असताना आत बसवतं. हे कसं?

जरा निरखलं तेव्हा कळलं. छपराची वळचण खूप खाली उतरलेली, त्यामुळे भिंतीला ऊन लागतच नाही. सभोवती ओसरी, म्हणजे भिंतीला आणखी एक सावली. वर कवेलू, त्यांच्या फटींतून गरम हवा निघून जाते. जाड मातीच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन. यात चमत्कार काही नाही. ऊन आत शिरल्यावर त्याच्याशी भांडायचं नाही, ते बाहेरच अडवायचं, एवढंच त्या घराला ठाऊक आहे.

गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी शेगावला आले. त्या गावाचं नाव पुढे १९४० साली सेवाग्राम झालं. आपल्या झोपडीला शंभर रुपयांहून जास्त खर्च होऊ नये, असं त्यांनी आधीच लिहून कळवलं होतं. साहित्य जवळपासचं आणि हात गावच्या कारागिरांचे. शंभरात ते झोपडं काही झालं नाही, खर्च वाढलाच. घर काढणाऱ्या प्रत्येकाला यातून दिलासा मिळावा! आज जिला आपण बापूकुटी म्हणतो, ती मुळात मीराबेनची झोपडी. पुढे लॉरी बेकर हे इंग्रज वास्तुशिल्पी मुंबईत गांधीजींना भेटले, तेव्हा पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या साहित्यातून घर बांधावं, हा विचार त्यांनी गांधीजींकडून ऐकला आणि केरळात आयुष्यभर आचरला. वर्ध्यातही हा धागा तुटला नाही. देवेंद्रकुमारांनी १९७०च्या दशकात उभ्या केलेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने कुंभाराच्या चाकावर घडवलेली निमुळती, पोकळ मातीची नळकांडी एकात एक अडकवून कमानीचं छप्पर तयार केलं. लोखंड आणि लाकूड जवळजवळ नाही, आणि आतली पोकळी उन्हाला अडवते.

म्हणजे शाळा आमच्या जिल्ह्यातच होती. वर्गात बसायला मी उशीर केला.

स्लॅबची खोली तापते कशी, ते आधी समजून घेऊ. काँक्रीट दिवसभर ऊन पितं. चार-पाच इंचांच्या स्लॅबमधून ती उष्णता आत यायला काही तास लागतात. म्हणून दुपारपेक्षा संध्याकाळी आणि रात्री खोली जास्त छळते. बाहेर वारा सुटलेला असतो आणि आत स्लॅब आपला ऊन ओकत असतो. पंखा ती उष्णता कमी करत नाही, फक्त फिरवतो. एसी ती बाहेर फेकतो, पण त्याचं वीजबिल आपल्याला येतं. आणि आतून पीओपी लावलं तरी वरचा स्लॅब तापायचा तो तापतोच. जाड मातीच्या भिंतीतून मात्र ऊन आत पोचेपर्यंत रात्र होते, आणि तोवर दारं-खिडक्या उघडून घर थंड करता येतं.

तेव्हा क्रम असा ठरला: आधी छप्पर, मग पश्चिमेची भिंत, मग खिडक्या, आणि सर्वांत शेवटी यंत्रं. एसीचे साठ हजार होते, ते या क्रमाने वापरायचे. काम त्याच वर्षीच्या हिवाळ्यात काढलं.

सर्वांत मोठा खर्च मागच्या खोलीचा, बत्तीस हजार. आढं शाबूत होतं. किडलेले चार वासे बदलले, त्यांवर बांबूच्या कमट्या, त्यावर सिंदीच्या चटया आणि वर कवेलू. जुन्यांपैकी निम्म्याहून अधिक कवेलू धुऊन पुन्हा वापरले. खरी अडचण पैशांची नव्हती, माणसांची होती. कवेलू फेरणारे हात आता गावोगाव कमी झाले आहेत. शेवटी शेजारच्या खेड्यातले एक वयस्कर काका मिळाले. भिंती पाहताच ते म्हणाले, "गुरुजी, हे कोणी केलं जी?" मी मान खाली घातली. काही वर्षांपूर्वी ओल दिसली म्हणून मीच मातीच्या भिंतीला खालून सिमेंटचा गिलावा केला होता. मातीची भिंत श्वास घेते. सिमेंटने तिचं नाक बंद केलं, ओल आतच कोंडली आणि माती भुसभुशीत झाली. तो गिलावा खरवडून काढला. पांढरी माती, गव्हाचं कुटार आणि शेण आठवडाभर भिजवून, तुडवून नवा गिलावा दिला. आढ्याजवळ दोन झरोके ठेवले, कारण गरम हवा वर चढते आणि तिला वाट लागते.

मग पुढचा स्लॅब. त्यावर चुना मारला. फिकट पांढरा रंग ऊन परत पाठवतो, काळपट सिमेंट ते पिऊन टाकतं. हैदराबाद-अहमदाबादसारख्या शहरांनीही हीच वाट धरली आहे. अहमदाबादेत उष्माघाताविरुद्धच्या आराखड्यात छतं पांढरी करण्याचं काम झालं आणि तेलंगणाने २०२३ साली त्यासाठी धोरणच आणलं. इथेही मी एक चूक केली. पहिल्यांदा घाईत, धूळ न झाडता जाड थर दिला. त्याचे पोपडे उडाले. दुसऱ्यांदा गच्ची घासून धुतली, वाळू दिली, रात्रभर भिजवलेला चुना गाळून घेतला, त्यात थोडं पांढरं सिमेंट आणि फेविकॉल मिसळून दोन पातळ हात दिले, एक उभा आणि एक आडवा. दोन्ही वेळचा खर्च मिळून सहा हजार. हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये करावं. पावसाळ्यात शेवाळाने छत काळवंडतं, म्हणून दर वर्षी एक हात हवाच. घरातला साधा तापमापक पुढच्या मे महिन्यात त्या खोलीत तीन-चार अंश कमी दाखवत होता. खोली गार झाली नाही. पण झोप येऊ लागली.

पश्चिमेच्या भिंतीपुढे बांबूच्या ताट्यांची पडवी काढली, सात हजार. पडदा खिडकीच्या आत लावला तर ऊन घरात येऊन मग अडतं. ताटी बाहेर लावली तर ते दारातूनच परत जातं. खिडक्यांची दुरुस्ती, जाळ्या आणि वरच्या बाजूला झडपा यांना पाच हजार. आता सकाळी नऊला सारं बंद करायचं आणि दिवस मावळला की उघडायचं. अम्मी हे लहानपणापासून करत होत्या, आम्हीच विसरलो होतो.

यंत्रं शेवटी घेतली. इथे थोडं गणित करू. हजार वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट. जुना पंखा साधारण ७५ वॅटचा, नवा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. रोज बारा तास धरले तर एका पंख्यामागे दिवसाला अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त वीज वाचते, सहा महिन्यांत जवळजवळ ९७ युनिट. असे दोन पंखे घेतले, सहा हजार. साठ वॅटच्या बल्बांच्या जागी नऊ वॅटचे एलईडी, हजार रुपये. सगळं मिळून सत्तावन्न हजार झाले. उरलेले तीन जुन्या वायरिंगला गेले. कूलर जुनाच, फक्त सावलीच्या बाजूला हलवला आणि समोरची खिडकी बोटभर उघडी ठेवू लागलो. कोंडलेल्या खोलीत कूलर नुसती चिकचिक करतो. तो १५०-२०० वॅटमध्ये भागवतो. दीड टनाच्या एसीचा कॉम्प्रेसर चालू असताना तासाला दीड युनिटाच्या आसपास खातो.

सगळ्यांकडे मातीची खोली नसेल, हे मला समजतं. टिनाचं छप्पर असेल तर त्यालाही वरून पांढरा रंग द्या आणि खाली वीतभर पोकळी सोडून बांबूची चटई बांधा. त्या पोकळीत थर्मोकोल मात्र कोंबू नका, ते पेट घेतं. जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते घासू किंवा फोडू नका, त्यांची धूळ छातीला वाईट. स्लॅबला भेगा असतील, लोखंड दिसत असेल, तर चुन्याआधी जाणकाराला दाखवा. आणि गच्चीवर सौर पॅनेल बसवायचे असतील, तरी क्रम हाच ठेवा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत एका किलोवॅटला तीस हजार आणि तीन किलोवॅटला ७८ हजार रुपयांचं अनुदान ठरलं. पण आधी घराची भूक कमी केली, तर लहान संच पुरतो आणि आपल्या खिशातले पैसे वाचतात. शिवाय पॅनेलची सावली स्लॅबवर पडते, ती फुकट.

मातीच्या घराचं कौतुक करताना त्याची मेहनत लपवू नये. दर वर्षी मृगाच्या आधी कवेलू फेरावे लागतात, वाळवीवर लक्ष ठेवावं लागतं आणि वानरं काही ऐकत नाहीत. पण पाडण्याआधी एकदा विचारावं, हे घर माझ्यासाठी काय काम करत होतं? मी हे २००६ साली विचारलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात टाळेबंदी आली. रमजान तेव्हाही एप्रिल-मेमध्येच होता. आम्ही सारे दुपारी त्या मागच्या खोलीत एकत्र असायचो. अम्मी चटईवर, मुलगा लॅपटॉप घेऊन, मी वही घेऊन. अम्मींनी त्या खोलीत तीन उन्हाळे काढले. नंतर एका हिवाळ्यात त्या गेल्या, वयाने गेल्या. उन्हाने नाही, हे माझं समाधान.

परवा मुलाचा नागपूरहून फोन आला. नवा फ्लॅट घेतोय, सर्वांत वरच्या मजल्यावर. "अब्बा, एसी किती टनाचा घेऊ?" मी म्हटलं, "आधी एक कर. आज रात्री आठ वाजता त्या फ्लॅटमध्ये जा, स्टुलावर चढ आणि छताला तळहात लाव. हात चटकन मागे आला, तर टनाचं नंतर बोलू, आधी गच्चीचं बोलू."

श्रोतेहो, तुम्हीही आज रात्री आपल्या छताला एकदा हात लावून पाहा.