पेटींतला घुमारा

राजमाचीच्या पायथ्याशीं कोंडाणे येथें इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकाच्या सुमारास खोदलेलें चैत्यगृह आहे. त्याची खोली सुमारें ६६ फूट. ध्वनि सेकंदाला सुमारें १,१३० फूट जातो. म्हणजे दाराशीं उच्चारलेला शब्द मागील भिंतीवर आदळून परत येण्यास सेकंदाचा जवळजवळ नववा हिस्सा लागतो. तेवढ्यांत बाजूच्या भिंतींवरून आणि छतावरून आलेल्या असंख्य पडसादांची सरमिसळ होते. तिलाच घुमारा म्हणतात.

लेणें घरांत आणतां येत नाहीं. पण तेंच काम तारेच्या स्प्रिंगांकडून करून घेतां येतें. शिकागोच्या लॉरेन्स हॅमंड यांनीं ही युक्ति आपल्या ऑर्गनांत योजिली आणि १९६१ सालीं फेंडर कंपनीनें गिटारसाठीं व्हॉल्व्हवर चालणारी स्वतंत्र पेटी काढली. हौशी मंडळी पुष्कळदां तिच्याच नमुन्यावर घरीं पेटी बांधतात.

हिचीं अंगें दोन. पहिल्यांत व्हॉल्व्हनें वाढविलेला प्रवाह ट्रॅन्स्फॉर्मरमार्फत एका वेटोळ्यांत जातो व स्प्रिंगांना थरथर देतो. ती थरथर स्प्रिंगांच्या दोन टोकांमध्यें मागें-पुढें हेलकावत राहते. दुसऱ्या अंगांत, पलीकडील वेटोळें तिच्यापासून पुन्हा क्षीण प्रवाह उत्पन्न करतें व दुसरा व्हॉल्व्ह तो वाढवितो.

दोष शोधण्यापूर्वीं एक पथ्य पाळलेंच पाहिजे. अशा पेटींत ३०० व्होल्टांच्या आसपास दाब असतो आणि वीज तोडल्यावरहि कंडेन्सरांत तो टिकून राहतो. म्हणून योग्य रोधांतून कंडेन्सर रिते करून मीटरनें खात्री केल्याशिवाय आंत हात घालणें जिवावर बेतूं शकतें.

घुमारा मुळींच येत नसेल, तर पेटी न उघडतां चालू ठेवून स्प्रिंगांच्या डब्याला बाहेरून टिचकी मारावी. गडगडाट ऐकूं आला तर दुसरें अंग शाबूत आहे. दोष पहिल्यांत शोधावा. आवाज आला नाहीं, तर दुसऱ्या अंगांतील वेटोळें, तार किंवा व्हॉल्व्ह तपासावा. फेंडरच्या नमुन्यांत पहिलें वेटोळें मीटरवर एक ओहमहून थोडें कमी, तर दुसरें सुमारें २०० ओहम दाखवितें.

सतत गुणगुण येत असेल, तर डबा फिरवून पाहावा. तेवढ्यानें ती कमी-जास्त झाली, तर दुसरें वेटोळें मेन्स ट्रॅन्स्फॉर्मरचें चुंबकीय क्षेत्र पकडत आहे. डबा दूर न्यावा. फरक न पडल्यास पुरवठ्याच्या कंडेन्सरांकडे वळावें.

सुधारणांपैकीं सर्वांत स्वस्त अशी की, पहिल्या अंगांतील जोडकंडेन्सर लहान करावा. ५०० पिकोफॅरड व १ मेगोहम यांची जोडी सेकंदास सुमारें ३२० आवर्तनांखालील स्वर रोखूं लागते. कंडेन्सर निम्मा केला, तर ही मर्यादा दुप्पट होते. खर्जाचा भार हलका झाल्यानें घुमाऱ्यांतील गढूळपणा जातो आणि शब्द स्पष्ट राहतात. डबा लाउडस्पीकरच्या कंपांनीं हादरून किंचाळत असेल, तर त्याखालीं मऊ गादी घालणें पुरे होतें.