सोयराबाईचा शेवटचा चरण

धुळे-सोलापूर महामार्गावरचे वडीगोद्री हे गाव बहुतेकांनी एस.टी.च्या खिडकीतून तेवढे पाहिलेले असते. फाट्यावरची हॉटेले, मोसंबीचे ढीग, हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, जायकवाडीच्या डाव्या कालव्यामुळे हिरवी राहिलेली शेते. चहा होतो आणि गाडी शहागडचा पूल ओलांडायला निघते. पण आषाढ आला की हा रस्ता वाहनांचा राहत नाही. मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरहून निघते ती बुलढाणा, देऊळगाव राजा, जालना, अंबड करीत याच वाटेने पंढरपूरला जाते. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परतताना इथूनच जाते. म्हणजे जाताना एक आणि येताना एक. त्यामुळे या गावाला अभंग ऐकायला कुठे जावे लागत नाही. अभंगच रस्त्याने चालत येतो.

अशाच एका पालखीच्या मुक्कामी एकच अभंग एका संध्याकाळी तीनदा कानावर पडला, आणि हे लिहायचे मनात आले. अभंग सोयराबाईचा, ‘अवघा रंग एक झाला’. आधी तो दिंडीतल्या टाळकऱ्यांनी म्हटला. मग रस्त्याकडेच्या फराळाच्या मांडवात किशोरी आमोणकरांची ध्वनिफीत लागली. (ध्वनिफीत म्हणायची आपली सवय, आता तो मोबाइलच असतो.) आणि रात्री कॉलेजात जाणारा एक मुलगा त्याच्या फोनवर तोच अभंग गिटार आणि ड्रमसह ऐकत बसला होता. शब्द तेच, ऐकणारे गावही तेच. तरीही ही तीन वेगळी गाणी होती.

आमच्याकडे असा प्रसंग आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: खरी चाल कोणती? मुळात या प्रश्नाला उत्तर नाही. संतांच्या गाथा आपल्याकडे आल्या त्या अक्षरांच्या, स्वरांच्या नव्हेत. सोयराबाईचे साठेक अभंग राहिले. तिने ते कोणत्या सुरात म्हटले ते तिच्याबरोबर गेले. अभंगाला छंद आहे, चरण आहेत, ध्रुपद आहे. चाल मात्र ज्याची त्याने लावायची. वारकरी भजनात तरी वेगळे काय होते? विणेकरी मध्ये उभा, दोन्ही अंगांना टाळकरी, मागे पखवाज. एकाने चरण सांगायचा, बाकीच्यांनी तो उचलायचा. एका फडाची चाल दुसऱ्याला ठाऊक नसते, आणि आमच्या गंगथडीची चाल वऱ्हाडातल्या दिंडीला परकी वाटते. पण उचलणारे असतात, हे महत्त्वाचे. तिथे श्रोता नावाचा माणूसच नसतो. ज्याला गाता येत नाही तोही टाळ धरतो.

किशोरीताईंनी हा अभंग स्वतः स्वरबद्ध केला तो भैरवीत. भैरवी म्हणजे मैफलीचा शेवट. जयपूर-अत्रौली घराण्याच्या या गायिकेची मैफल संपायची वेळ आली की श्रोते या अभंगाची वाट पाहत. २०१७ साली त्या गेल्या तेव्हा अनेक घरांत पहिल्यांदा आठवला तो हाच. कुणी म्हणेल, सगळ्यांनी मिळून म्हणायचे गाणे त्यांनी एकटीचे केले. हे खरेच आहे. मांडवात ती ध्वनिफीत लागली तेव्हा टाळ थांबले होते आणि माणसे फराळाचे द्रोण हातात धरून नुसती ऐकत होती. पण त्या गाण्याने जे दिले ते टाळांच्या गजरात हाती लागत नाही. ‘रंग’ या शब्दाकडे त्या पुनःपुन्हा येतात, आणि दर वेळी तो शब्द थोडा अधिक मोकळा होतो. मी-तू हा भेदच उरला नाही, पाहणारा आणि पाहणे हेही दूर गेले, असे सांगणारा हा अभंग आहे. तो एका माणसाच्या आत घडतो कसा, हे त्या गाण्यात ऐकू येते. दिंडीत तो सगळ्यांच्या मध्ये घडतो. दोन्ही वाचने अभंगातलीच आहेत.

खरी गोष्ट पुढे घडली आणि तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. मैफलीतली चाल परत भजनात आली. भीमसेन जोशींची ‘संतवाणी’ गावोगाव पोचली, राम फाटक आणि श्रीनिवास खळे यांच्या चाली रेडिओने घराघरात नेल्या, आणि पाहता पाहता भजनी मंडळे त्याच चाली म्हणू लागली. सिनेमाने तर याच्याही पुढची मजल फार पूर्वी मारली होती. १९३६ च्या ‘संत तुकाराम’ चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेले ‘आधी बीज एकले’ हे गीत तुकोबांचेच समजून लोक म्हणू लागले, अजूनही म्हणतात. आता मंडळातली पोरे फोनवर ऐकून चाल बसवतात. बरी बसवतात. पण आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांना येणाऱ्या ज्या चाली होत्या, त्या कुणी लिहून ठेवल्या नाहीत आणि ध्वनिमुद्रितही केल्या नाहीत. फ्यूजनने अभंग बिघडवला असे ओरडणाऱ्यांना हे नुकसान दिसत नाही, कारण ते त्यांच्या आवडत्या गायकांनी, अगदी नकळत केले आहे.

आणि गिटारचा एवढा राग तरी कशासाठी? आज जिच्याशिवाय भजन उभे राहत नाही ती पेटी युरोपातून आली. तिच्यावर आकाशवाणीने १९४० साली बंदी घातली होती आणि ती सुमारे तीन दशके टिकली. ‘अभंग रिपोस्ट’सारखे मुंबईचे तरुण बँड गिटार आणि ड्रमवर अभंग गातात तेव्हा पंचविशीतली मुले चरण पाठ म्हणतात, त्यांच्या मोठ्या भावांना तेवढे येत नव्हते. दक्षिणेत अरुणा साईराम कर्नाटक संगीताच्या मैफलीत अभंग गातात आणि चेन्नईचे श्रोते त्याची वाट पाहतात. तंजावरच्या मराठी राज्याने तिकडे नेलेल्या कीर्तनाचा तो दूरचा वारसा आहे. अभंगाला प्रवासाची सवय आहे. त्यामुळे त्या मुलाच्या फोनवरच्या गाण्याने मला त्रास झाला तो वाद्यांचा नव्हता. शेवटचा चरण त्यात आलाच नाही, त्याचा होता. गाणे चढत गेले, विठ्ठलाचा गजर सुरू झाला, लय दुप्पट झाली आणि संपले. असे मी एकाहून अधिक कार्यक्रमांत ऐकले आहे.

त्या चरणात सोयराबाईची नाममुद्रा आहे. ती आपले नाव सांगत नाही. नवऱ्याचे नाव सांगते आणि आपली जात सांगते, बस. किशोरीताई तो चरण गातात. तो गाळला की अभंग निखळ आध्यात्मिक होतो, कुणाचाही होतो, आणि म्हणूनच थोडा खोटा होतो. भेद उरला नाही हे कोण म्हणते आहे, यावर त्या म्हणण्याचे वजन ठरते. सोयराबाईचा नवरा चोखोबा परंपरेप्रमाणे मेहुणा राजाचा, म्हणजे देऊळगाव राजा तालुक्यातला. मुक्ताईची पालखी त्याच मुलखातून इकडे येते. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून तो गेला, ते १३३८ साल. नामदेवांनी त्याच्या अस्थी आणून पंढरपुरात समाधी बांधली ती महाद्वाराबाहेर. ज्या देवळाच्या देवात सोयराबाईचा रंग मिसळला, त्या देवळाचे दार तिच्या माणसांना उघडले ते साने गुरुजींच्या मे १९४७ मधल्या उपोषणानंतर. मध्ये सहाशे वर्षे गेली.

वडीगोद्रीत बसून हा अभंग ऐकणे आता आणखी अवघड झाले आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये शेजारच्या अंतरवाली सराटीचे नाव देशभर गेले, आणि जून २०२४ मध्ये मराठा आरक्षणाच्या मागणीविरुद्ध ओबीसी आरक्षणाच्या बचावासाठी वडीगोद्रीतच उपोषण झाले. दोन्हीकडची माणसे एकाच बाजारात येणारी, एकाच दिंडीला भाकरी देणारी. कुणाचे बरोबर, हा या लेखाचा विषय नाही. पण त्या दिवसांत भजनाला बसणारी माणसे कमी झाली, असे मंडळातल्या एका वृद्धाने मला सांगितले. ‘टाळ धरायला शेजारी कोण बसणार, त्याचाच विचार व्हायला लागला,’ एवढेच ते बोलले.

पालखी गेल्यावर दुसऱ्या दिवशी मी बुद्धवाड्यातल्या एका ओळखीच्या आजींकडे गेलो. त्यांना विचारले, हा अभंग तुमच्याकडे म्हणतात का?

“आमच्या सासूबाई म्हनायच्या,” त्या म्हणाल्या. “छप्पन सालानंतर सोडलं. पेटी तीच, टाळ तेच, गानी बदलली.”

ती बदललेली गाणी म्हणजे भीमगीते. वामनदादा कर्डकांची गाणी त्यांना तोंडपाठ आहेत. आजींचा चोखोबावर राग नाही. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांवरचा आपला ग्रंथ ज्या तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला त्यात चोखामेळा होता, हे त्यांच्या नातवाने त्यांना वाचून दाखवले आहे. मी किशोरीताईंचे गाणे लावले. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकले.

“चांगलं म्हनलंय. त्या बाईनं म्हनलं की लोक टाळ्या वाजवतेत,” आजी म्हणाल्या. “मी म्हनलं, भाऊ, तर शेवटच्या ओळीला लोक माझ्याकडं बघतेत.”

मला काही बोलता आले नाही. मग विचारले, सासूबाईंची चाल तरी आठवते का?

त्यांनी थोडा वेळ आठवल्यासारखे केले. भैरवीची ती चाल नव्हती, दिंडीतलीही नव्हती. जात्यावरच्या ओवीसारखी, खाली येता येता एकदम वर उचललेली. नातवाने फोन पुढे धरला. आजींनी ती पहिल्यापासून शेवटच्या चरणापर्यंत म्हटली, पण नुसत्या गुणगुणण्यात. शब्द एकही म्हटला नाही.