मुळशीच्या प्लॉटवर कॅरॅव्हॅन: सोलरच्या आधी पाणी आणि मैला

हायब्रिड नोकरी, एक कॅरॅव्हॅन आणि मुळशी, भोर किंवा राजगड (म्हणजे जुनं वेल्हे) तालुक्यात छोटासा प्लॉट, हे स्वप्न पुण्यातल्या आयटी मंडळींच्या गप्पांत हल्ली बऱ्याचदा येतं. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं. त्यातल्या कॅरॅव्हॅन पार्कची कल्पना साधी आहे: गाडी लावा, वीज-पाणी जोडा, सांडपाणी सोडा. स्वतःच्या जमिनीवर मात्र हे सगळं आपल्यालाच उभं करायचं असतं. आणि गप्पा सुरू होतात थेट "किती वॉटचं पॅनेल?" इथून. हा क्रमच उलटा आहे.

जमिनीबद्दल एकच वाक्य: शेतकरी नसलेल्याला कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, त्यामुळे एनए प्लॉट की घरची जमीन, हे सातबारा पाहून आधी ठरवा.

आता पाणी. ताम्हिणीच्या पट्ट्यात पुण्याच्या कितीतरी पट पाऊस पडतो, तरी एप्रिल-मेमध्ये याच तालुक्यांतल्या काही वाड्यांवर टँकर येतो. कारण खाली काळा बेसॉल्ट खडक आहे. त्यात पाणी साठतं ते फक्त भेगांमध्ये, बाकीचं उतारावरून धरणात जातं. शेजारच्याच्या बोअरला पाणी लागलं म्हणून तुमच्याही लागेल, असं नाही. बोअरवर पैसे घालण्याआधी टाकी बसवा. दोन माणसांनी जपून वापरलं तर दिवसाला १०० लिटरमध्ये भागतं, म्हणजे ५००० लिटरची टाकी पन्नास दिवस जाते. गाडीवर २० चौरस मीटरची पत्र्याची शेड घातलीत, तर १०० मिलीमीटर पावसात २००० लिटर पाणी पन्हळीतून मिळू शकतं. गळती वगैरे धरून १६०० म्हणा. उन्हाळ्यात गाडी सावलीत राहते हा बोनस. टाकी तीन मीटर उंच ठेवली तरी दाब ०.३ बारच मिळतो (दहा मीटरला साधारण एक बार), त्यामुळे शॉवरसाठी गाडीतला पंप लागणारच.

मग मैला. हा विषय सगळे टाळतात, पण सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे. पानशेत आणि वरसगाव धरणांचं पाणी खडकवासल्यात येतं आणि तिथून पुण्याच्या नळाला. तुमचा प्लॉट या धरणांच्या वरच्या अंगाला असेल, तर तिथे मुरवलेला मैला कुठे जाऊ शकतो हे वेगळं सांगायला नको. आंघोळीचं, भांड्यांचं पाणी शोषखड्ड्यात चालतं. संडासाचं नाही. गावात दोन खड्ड्यांचं शौचालय छान चालतं, पण खाली पुरेशी माती हवी आणि पावसाळ्यातही भूजल खड्ड्याच्या तळाच्या बरंच खाली हवं. भेगाळ खडकावर मैला न गाळताच खाली उतरतो. तिथे बंद सेप्टिक टाकी घ्या आणि ती उपसणारी गाडी प्लॉटपर्यंत येते का ते बघा, नाहीतर भुसा वापरणारा कोरडा संडास. कॅरॅव्हॅनच्या कॅसेट टॉयलेटमध्ये जंतुनाशक केमिकल घालत असाल, तर ते सेप्टिकमध्ये ओतू नका. मैला कुजवणारे जिवाणूच त्याने मरतात.

आता वीज. जवळ खांब असेल तर महावितरणचं सिंगल फेज घरगुती कनेक्शन घ्या, सोलर बॅकअपला ठेवा. लाइन गावठाण फीडरवर आहे की शेतीच्या, हे वायरमनला विचारा. शेतीच्या फीडरवर थ्री फेज वीज दिवसातून ठरावीक तासच असते. आणि शेतीपंपाच्या कनेक्शनवरून गाडीला वायर ओढायचा मोह टाळा. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरतो आणि दुप्पट दराने आकारणी होते.

खांबच नसेल तर हिशेब जुलैचा करा, मेचा नाही. दोघांचे ६० वॉटचे लॅपटॉप आठ तास चालले की जवळपास १ युनिट. १२ व्होल्टचा छोटा फ्रिज अर्धा युनिट. पंखा, राउटर, दिवे, पंप मिळून पाऊण. इन्व्हर्टरची गळती धरून अडीच-पावणेतीन युनिट झालं. इंडक्शन यात नाही, स्वयंपाक गॅसवरच. पुण्यात १ किलोवॉट पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिटच्या आसपास देतं, म्हणून विकणारा म्हणतो ७०० वॉट पुरे. घाटाकडच्या जुलैसाठी मी १ किलोवॉटला दीड युनिटच धरतो. म्हणजे ५४० वॉटची चार पॅनेल आली. गाडीच्या टपावर ती मावत नाहीत, शेडवर मावतात (फक्त शेडचे पाय काँक्रीटमध्ये हवेत, तिथला वारा थट्टा नाही). बॅटरी दोन ढगाळ दिवसांची: २४ व्होल्ट, २०० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट साधारण ५ युनिट देते. लेड-अ‍ॅसिड निम्मीच वापरता येते, तेव्हा दुप्पट क्षमतेची घ्यावी लागते.

एका गोष्टीवर मात्र काटकसर नको: अर्थिंग. कॅरॅव्हॅन रबरी टायरवर उभी असते. आत शॉर्ट झालं आणि बॉडीत करंट उतरला, तर ओल्या मातीवर उभं राहून दाराला हात लावणारा माणूसच अर्थिंग बनतो. बॉडी, पॅनेलची फ्रेम आणि शेड, तिन्ही एकाच अर्थ रॉडला जोडा. खडकाळ जमिनीत एका रॉडने भागत नाही, दोन-तीन लागू शकतात, रेझिस्टन्स मोजूनच घ्या. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवा. पण इन्व्हर्टरचा न्यूट्रल कुठेच अर्थला जोडलेला नसेल, तर असा बिघाड झाला तरी आरसीसीबी ट्रिप होत नाही, आणि टेस्ट बटण दाबल्यावर ट्रिप झाला म्हणून हा दोष कळतही नाही. इन्व्हर्टरच्या मॅन्युअलमध्ये न्यूट्रल बाँडिंगचं पान शोधा आणि ते काम लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, पहिल्या पावसाच्या आधी.