खाणीनंतरची जमीन : आधी माती, मग झाड

महाराष्ट्राच्या खनिजसंपत्तीचा मोठा वाटा विदर्भाच्या भूमीत साठलेला आहे. चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांतील वर्धा नदीचे खोरे दगडी कोळशासाठी, तर नागपूर व भंडारा हे जिल्हे मँगनीजसाठी प्रसिद्ध आहेत. वीजनिर्मिती आणि पोलाद उद्योग यांना या खनिजांचा मोठा आधार आहे. परंतु खनिज एकदाच निघते. जमीन मात्र पिढ्यान्‌पिढ्या उपजीविका देते. खाणीचे काम संपल्यावर गावाच्या हाती काय उरते, हा प्रश्न म्हणूनच गावाच्या शेतीशी, चराईशी आणि पाण्याशी निगडित आहे.

जमिनीची उलथापालथ

उघड्या खाणीत खनिजाच्या थरापर्यंत पोहोचण्यासाठी वरची माती, मुरूम व खडक काढून टाकावे लागतात. वर्धा खोऱ्यात काळ्या मातीखाली मुरूम, चिकणमाती व वालुकाश्म यांचे थर असून त्यांखाली कोळसा सापडतो. हे सर्व पदार्थ सरमिसळ होऊन ढिगाऱ्यावर पडले की निसर्गाने लावलेला क्रम बिघडतो. खोलवरचा खडक वर येतो आणि मोलाची माती तळाशी गाडली जाते.

अशा ढिगाऱ्यात सेंद्रिय द्रव्य व नत्र अत्यल्प असते. अवजड वाहनांच्या दाबाने त्याचा माथा घट्ट होतो. पाणी मुरत नाही. ते उतारावरून वेगाने वाहते व घळी पाडते. वाहून आलेला गाळ नाल्यांत आणि लगतच्या शेतांत साचतो. उन्हाळ्यात उघडा दगड तापून कोवळी रोपे करपतात. जेथे खडकात गंधकयुक्त खनिजे असतात, तेथे हवा व पाणी यांच्या संपर्काने आम्ल तयार होते आणि ते झिरपून जलसाठे दूषित करते.

वरच्या मातीचे जतन

जमिनीच्या वरच्या सुमारे १५ ते ३० सेंटिमीटर थरात बहुतेक सेंद्रिय द्रव्य, गवताचे बी, जीवाणू, बुरशी व गांडुळे असतात. यांपैकी दोन-तीन सेंटिमीटर माती तयार होण्यासही निसर्गाला शेकडो वर्षे लागतात. यास्तव पुनरुज्जीवनाचा आरंभ खाण बंद होताना करावयाचा नसून, खोदाईच्या पहिल्या दिवशीच करावयाचा असतो. वरची माती वेगळी काढणे, तिचा स्वतंत्र व कमी उंचीचा ढीग करणे आणि त्यावर गवत वाढू देणे, ही पहिली पायरी होय. उंच ढिगाच्या पोटात हवा पोहोचत नाही. तेथील जीवसृष्टी मरते आणि माती असूनही ती निर्जीव होते. साठवणीचा काळही जितका अल्प, तितका बरा. खाण एका बाजूने पुढे सरकत असताना मागील खड्डा भरून त्यावर ताजी माती पसरणे, ही पद्धत म्हणूनच श्रेयस्कर मानली जाते.

कोळशाखेरीज इतर प्रमुख खनिजांच्या खाणींत वरची माती वेगळी साठविण्याचे व पुन्हा वापरण्याचे बंधन १९८८ च्या खनिज संवर्धन व विकास नियमांत होते. त्यांची जागा घेणाऱ्या २०१७ च्या नियमांतही ते कायम आहे.

ढिगाऱ्यावरील उपाय

माती पसरण्यापूर्वी ढिगाऱ्याला योग्य आकार द्यावा लागतो. उतार पायऱ्यापायऱ्यांचा करून त्याचा एकंदर कोन २८ अंशांहून अधिक होऊ नये, अशी अट कोळसा खाणींच्या पर्यावरणविषयक मंजुरीत सामान्यतः असते. पायथ्याशी दगडी भिंत, पाण्यासाठी चर आणि गाळ अडविणारी तळी यांचीही आवश्यकता असते.

ज्या जुन्या ढिगाऱ्यांसाठी माती राखूनच ठेवली नव्हती, तेथे काय करावे, या प्रश्नाचे एक उत्तर नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजेच 'नीरी'ने शोधले. नागपूर जिल्ह्यातील गुमगाव मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर संस्थेने साखर कारखान्यात उसाचा रस स्वच्छ करताना उरणारा गाळ, अर्थात प्रेसमड, मिसळला. नत्र स्थिर करणारे ॲझोटोबॅक्टर व ऱ्हायझोबियम हे जीवाणू आणि मुळांना स्फुरद मिळवून देणारी मायकोऱ्हायझा बुरशी यांची जोड रोपांना दिली. पुढे कोळसा खाणीच्या १० हेक्टर ढिगाऱ्यावर हेक्टरी ५० टन सांडपाणी प्रक्रिया गाळ वापरून असाच प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. जे उपयुक्त जीवाणू ढिगाऱ्यात जवळपास नव्हतेच, त्यांची संख्या पुष्कळ वाढली आणि जड धातूंची विषारकता घटली. एका उद्योगाचा टाकाऊ पदार्थ दुसऱ्या उद्योगाने उघडी पाडलेली जमीन सजीव करू शकतो, हे या प्रयोगांनी दाखवून दिले. मात्र असा गाळ वापरण्यापूर्वी त्यातील धातूंची तपासणी अगत्याची आहे.

गवत, झुडूप, वृक्ष

लागवडीतही क्रम पाळणे हितावह ठरते. प्रथम गवत आणि स्टायलोसारखी द्विदल चारापिके घेतल्यास उतार बांधला जातो व नत्राची भर पडते. त्यानंतर करंज, शिरीष, शिसव, खैर, बाभूळ व बांबू यांसारख्या काटक जाती लावता येतात. कडुनिंब, आवळा, सीताफळ, मोह यांच्यापासून ग्रामस्थांना उत्पन्नही मिळू शकते. लवकर हिरवळ दिसावी म्हणून एकाच परदेशी जातीची सरसकट लागवड करण्याचा मोह टाळावा. अशा झाडांखाली बहुधा गवत वाढत नाही आणि गुरांना चारा मिळत नाही.

केवळ रोपांची संख्या हे यशाचे माप नव्हे. तीन पावसाळ्यांनंतर किती रोपे जगली, ढिगाऱ्यावरून येणारे पाणी गढूळ आहे की स्वच्छ, पानांचा थर कुजून माती काळसर होत आहे काय आणि झाडांखाली नवी रोपे आपोआप उगवत आहेत काय, या कसोट्या अधिक विश्वसनीय आहेत.

गावाची भूमिका

कोळसा खाणींसाठी केंद्र सरकारने २००९ साली खाण बंद करण्याच्या आराखड्याची मार्गदर्शक तत्त्वे जारी केली व पुढे त्यांत सुधारणा केल्या. त्यांनुसार या कामाचा निधी खाण चालू असतानाच दरवर्षी स्वतंत्र खात्यात जमा करावा लागतो. ८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानेही, खनन संपल्यावर भूमीवर पुन्हा गवत उगवून ती चाऱ्यास व वन्यजीवांस योग्य करण्याची अट खाणपट्ट्यांत घालण्याचा आदेश केंद्रास दिला. हा खर्च खाणपट्टाधारकाने करावयाचा आहे.

नियमांचे फळ पदरी पडण्यासाठी स्थानिक दक्षता हवी. आपल्या शिवारातील खाणीची वरची माती कोठे साठविली आहे, बंद करण्याच्या आराखड्यात कोणती जमीन कोणत्या उपयोगासाठी दाखविली आहे, उरलेल्या खड्ड्यातील पाण्याचे व त्याच्या कडांच्या सुरक्षिततेचे काय होणार, याची माहिती ग्रामपंचायतीने आरंभीच मागून घ्यावी. लागवडीनंतरची पहिली वर्षे चराईबंदी पाळली जाणे हेही गावाच्याच हाती आहे. शिक्षकांना विद्यार्थ्यांकरवी ढिगाऱ्याच्या सुरक्षित, मोकळ्या भागालगतच्या वनस्पतींची दरवर्षी नोंद ठेवता येईल. अशी वही पुढे अधिकाऱ्यांनाही उपयोगी पडेल.

पूर्वीची कसदार काळी जमीन जशीच्या तशी परत मिळणे कठीण आहे, हे मान्य करावयास हवे. परंतु चारा देणारे कुरण, फळे व सरपण देणारे वन आणि स्वच्छ वाहणारा नाला इतके तरी गावास निश्चित मिळू शकते. त्यासाठी खोदाई सुरू होण्यापूर्वी मातीचा हिशेब मांडला गेला पाहिजे.