ब्रेकची नळी बदलताना

गेल्या पावसाळ्यात कामठी रोडवर आमच्या जुन्या मारुतीचे ब्रेक पेडल एकाएकी तळाला गेले. मागे मुले बसली होती. हँडब्रेक ओढून कशीबशी गाडी थांबवली. वाकून पाहिले, तर चिखलाने गंजलेली ब्रेकची नळी फुटून ऑइल गळत होते.

आम्ही पेशाने कारकून. तरी मिस्त्रीजवळ बसून हे काम शिकलो. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नये, स्टँड लावावेत. नळी ब्रेकचीच घ्यावी. पुष्कळ गाड्यांना ४.७५ मिलिमीटरची लागते. फ्रीजची तांब्याची नळी लावू नये, हादऱ्यांनी ती तडकते. जुन्या नळीवर सुतळी धरून माप घ्यावे, कटरने कापावे, आतली कड साफ करावी. नट आधीच ओवावा. टोक झाल्यावर तो चढत नाही. मग फ्लेअरिंगच्या साच्यात जुन्यासारखेच टोक करावे. आमच्या गाडीला दुहेरी दुमडलेले टोक लागते. एकेरी दाबाखाली फाटते.

शेवटी ऑइल भरून हवा काढावी. मिनिटभर पेडल जोराने दाबून धरावे. ते खचले किंवा सांध्यावर थेंब दिसला, तर गाडी रस्त्यावर काढू नये.

आमची पहिली दोन टोके चिरली. ती फेकून दिली. तिसरे जमले, तरी मिस्त्रीला दाखवूनच गाडी बाहेर काढली. मजुरी वाचवावी, पण तपासणी वाचवू नये. मागच्या सीटवर आपलीच लेकरे असतात.