जुन्या कपड्यांतून नवी कमाई

पुणे-सातारा महामार्गावर भोरकडे रस्ता फुटतो ते कापूरहोळ. अशा नाक्यांवरील शिंपी बांधवांचे काम तयार कपड्यांनी कमी केले, हे उघड आहे. परंतु तेच तयार कपडे जुने होऊन त्यांच्यासाठी कच्चा माल बनतात, याकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो.

‘फॅशन फॉर गुड’ या संस्थेच्या २०२२ च्या अहवालानुसार भारतात वर्षाकाठी सुमारे ७८ लाख टन कापडी कचरा साठतो. त्यातील जवळपास निम्मा घराघरांतून निघतो.

जुन्या कपड्यांचा व्यवहार आपल्याला नवा नाही. बोहारीण भांड्यांच्या बदल्यात कपडे नेते, लुगड्याची गोधडी होते. पानिपतला चिंध्या पिंजून सूत काढतात आणि त्याची ब्लँकेटे विणतात. पण पिंजलेल्या चिंधीला किलोचा भाव मिळतो, शिवलेल्या वस्तूला नगाचा. कारागिराचा नफा या फरकातच आहे.

यात कापड स्वस्त पडते, वेळ महाग. म्हणून प्रत्येक शिवण उसवत बसू नये. शिवणीलगत कापून सपाट तुकडे काढावेत. त्याआधी माल निवडावा. शंका असल्यास दोन धागे चिमट्यात धरून जाळावेत. सुती धागा कागदासारखा जळून मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी बनतो. वारंवार धुतलेले सुती कापड आधीच आटलेले असते, ही जमेची बाजू.

साडी कमरेशी आणि निऱ्यांच्या तळाशी विरते, पदर बहुधा शाबूत राहतो. त्यातून परकर-पोलके किंवा कुर्ता निघतो. जीन्स गुडघ्यावर फाटते. उरलेल्या भागाची मजबूत पिशवी होते. तिला १६ किंवा १८ नंबरची सुई लावावी.

महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली, त्यामुळे कापडी पिशवीला वाव आहे. आमच्या मते सुरुवात तिच्यापासूनच करावी. एकाच मापाचे दहा नग शिवावेत, प्रत्येकाला लागलेला वेळ लिहून ठेवावा आणि आपल्या रोजाच्या हिशेबाने किंमत ठरवावी.

एक पथ्य मात्र पाळावे. कापड गरम पाण्यात धुऊन, उन्हात वाळवूनच वापरावे आणि ते जुने आहे हे गिऱ्हाइकाला आधी सांगावे. जुना माल नवा म्हणून खपवला, तर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही.